ओढल्या जाणाऱ्या कारचे मागचे दिवे: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी भोसरीतील एका कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागातून निवृत्त झालो असून सध्या सिंहगड रस्त्यावर राहतो. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. त्यांनी सुमारे १० मीटर लांबीचे एक जुने मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेतले आहे आणि प्रवासात त्याच्यामागे टो-बारने जोडून आपली लहान कार चारही चाकांवर ओढत नेण्याचा त्यांचा विचार आहे. कारच्या मागे पिवळसर नारंगी इंडिकेटर आणि लाल ब्रेक लाइट असे वेगवेगळे दिवे आहेत. मोटरहोमला मात्र एकच लाल दिवा दोन्ही कामे करतो. जावयांनी मोटरहोमच्या सॉकेटमधून आलेल्या तारा कारच्या दिव्यांच्या तारांना थेट जोडून पाहिल्या. तेव्हा मोटरहोमचा डावा इंडिकेटर लावताच कारचे दोन्ही बाजूंचे ब्रेक लाइट आणि मागच्या काचेतील तिसरा दिवाही लुकलुकू लागला, इतकेच नव्हे तर मोटरहोमचा स्वतःचा उजवा दिवाही त्यांच्यासोबत लुकलुकू लागला. शिवाय ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतात. एप्रिलमध्ये मी तिकडे जाणार आहे. हे काम मी स्वतः नीट कसे करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण पत्रात लक्षणे इतक्या बारकाईने लिहिली आहेत की दोष कोठे आहेत ते येथे बसूनही सांगता येते. दोष दोन आहेत आणि ते परस्परांहून वेगळे आहेत. जावयांना प्रथम एवढेच कळवावे की सध्याचा जोड त्यांनी आजच सोडवून ठेवावा आणि तो तसाच ठेवून कार रस्त्यावर आणू नये.

पहिला दोष जोडणीच्या पद्धतीत आहे. मोटरहोमच्या मागच्या सॉकेटमध्ये कारच्या दिव्यांसाठी मुख्यतः चार तारा येतात. अमेरिकेतील प्रचलित चार तारांच्या जोडणीत पांढरी तार अर्थिंगची (म्हणजे करंट परत नेणारी), तपकिरी टेल लाइटची, पिवळी डावा इंडिकेटर आणि डावा ब्रेक यांची, तर हिरवी उजवा इंडिकेटर आणि उजवा ब्रेक यांची असते. म्हणजे पिवळ्या आणि हिरव्या तारेवर ब्रेक व इंडिकेटर हे दोन्ही संदेश एकत्रच येतात. आपल्या मुलीच्या कारमध्ये मात्र डावा, उजवा आणि काचेतील असे तिन्ही ब्रेक लाइट पेडलजवळच्या एकाच स्विचवरून एकाच तारेने पेटतात. पिवळी आणि हिरवी तार त्या समाईक तारेला जोडली गेल्यामुळे त्या दोन्ही आपसांत जोडल्या गेल्या. डावीकडचा करंट त्यामुळे उजवीकडे गेला आणि हिरव्या तारेतून उलटा वाहत मोटरहोमच्या उजव्या दिव्यापर्यंतही पोहोचला.

दिवे चुकीचे लुकलुकणे हा यातला किरकोळ भाग झाला. खरी काळजी आहे ती कारच्या आत उलटा शिरणाऱ्या करंटची. आजकालच्या कारमध्ये ब्रेक लाइटची तार केवळ बल्बपर्यंत जाऊन थांबत नाही. ती गिअर लीव्हरचे लॉक, क्रूझ कंट्रोल आणि दिव्यांवर नियंत्रण ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांच्याशीही जोडलेली असू शकते. ज्या टोकातून करंट बाहेर जावा अशी रचना आहे, त्याच टोकातून तो आत लोटला गेला तर मॉड्यूल जळू शकते, आणि त्याची किंमत दिव्यांच्या संपूर्ण वायरिंगपेक्षा कितीतरी जास्त असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे कारच्या वायरिंगला हातच न लावता मागच्या दिव्याच्या घरात एक स्वतंत्र होल्डर आणि बल्ब बसवणे, आणि माझे मत याच उपायाच्या बाजूने आहे. दोन फिलामेंटचा बल्ब घ्यावा. अमेरिकेत त्याचा ११५७ हा क्रमांक सर्वत्र ओळखला जातो. त्याचे मोठे फिलामेंट सुमारे २७ वॅटचे, तर लहान सुमारे ८ वॅटचे असते. तपकिरी तार दोन्ही बल्बांच्या लहान फिलामेंटला, पिवळी डाव्या बल्बच्या मोठ्या फिलामेंटला, हिरवी उजव्या बल्बच्या मोठ्या फिलामेंटला आणि पांढरी दोन्ही होल्डरच्या अर्थिंगला, एवढेच काम आहे. कारचा करंट आणि मोटरहोमचा करंट यांची कोठेही गाठ पडत नाही, त्यामुळे उलट्या करंटचा प्रश्नच मिटतो. लाल काचेतून इंडिकेटर दिसणे अमेरिकेत चालते, म्हणून कारचे नारंगी दिवे या सगळ्यातून बाजूला राहिले तरी अडचण नाही.

भोक पाडण्यापूर्वी दिव्याचे घर गाडीतून काढून टेबलावर घ्यावे आणि आतली जागा मोजावी. बल्ब प्लास्टिकच्या फार जवळ आला तर लांबच्या प्रवासात त्या उष्णतेने घर वितळते. होल्डरभोवतीची फट सिलिकॉन सीलंटने बंद करावी, अन्यथा पहिल्याच पावसात आत बाष्प धरते. कारचे दिवे मूळचेच एलईडीचे आणि पूर्ण सीलबंद असतील, तर मात्र भोक पाडण्याच्या फंदात पडू नये.

तसे असल्यास, किंवा दिव्याच्या घरात जागाच नसल्यास, दुसरा उपाय डायोडचा. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो हे आपल्याला सांगायला नको. दिव्याच्या अगदी जवळ कारची तार कापावी. कारकडून येणारे टोक एका डायोडमधून आणि मोटरहोमकडून येणारी तार दुसऱ्या डायोडमधून आणून दोन्ही डायोडची बाहेरची टोके एकत्र करून दिव्याकडे न्यावीत. डावा ब्रेक लाइट, उजवा ब्रेक लाइट, डावा टेल लाइट आणि उजवा टेल लाइट अशा चार ठिकाणी अशा चार जोड्या लागतील. तार नेमकी कोठे कापायची याला येथे फार महत्त्व आहे : समाईक तारेला डाव्या आणि उजव्या दिव्याच्या फांद्या फुटल्यानंतर, त्या त्या दिव्यापाशीच कापावी. तसे केले की काचेतील तिसरा दिवा डायोडच्या अलीकडे राहतो आणि मोटरहोमच्या इंडिकेटरबरोबर तो लुकलुकत नाही. डायोड ६ अँपिअरचा घ्यावा. मोठ्या फिलामेंटचा करंट सुमारे २.१ अँपिअर आणि साध्या सिलिकॉन डायोडवरील घट सुमारे ०.७ व्होल्ट धरली, तर डायोडमध्ये जवळजवळ दीड वॅट उष्णता सतत तयार होते, म्हणून तो डिकीतल्या कापडी अस्तराखाली न दडपता पत्र्याला टेकून बसवावा. सुटे डायोड आपल्याला तपकीर गल्लीत सहज मिळतील. तरीही अमेरिकेत याच कामासाठी दोन आत, एक बाहेर अशा टोकांचे बंदिस्त डायोड-संच मिळतात, तेच घ्यावेत असे मी सुचवीन, कारण पाण्यापासूनचे संरक्षण त्यांत आधीच केलेले असते. एलईडी दिव्यांच्या बाबतीत कारच्या सेवापुस्तिकेतील वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय एकही तार कापू नये, कारण काही कारमध्ये एकच एलईडी पट्टी मंद पेटली की टेल लाइट आणि तेजस्वी पेटली की ब्रेक लाइट होते आणि हा बदल मॉड्यूलच करते. अशा कारला वेगळे दिवे बसवणेच योग्य.

आता दुसरा दोष. ब्रेक दाबताच टेल लाइट मंद होतात याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो : अर्थिंग कच्चे आहे. परतीच्या वाटेत अडथळा असला की जास्त करंट वाहू लागताच त्या अडथळ्यावर व्होल्टेज पडते आणि त्याच वाटेने परतणारे बाकीचे दिवे मंद होतात. अनेक जण पांढरी तार जोडतच नाहीत आणि टो-बारच्या लोखंडातून अर्थिंग मिळेल असे गृहीत धरतात. हडपसरजवळ एका ट्रेलरचे काम माझ्याकडे आले होते, त्यात नेमके हेच केले होते. गाडी उभी असताना सगळे दिवे उत्तम दिसत, आणि रस्त्यावर हादरे बसू लागले की ते येत-जात राहत. जोडाच्या ग्रीस लावलेल्या, रंगवलेल्या आणि सतत हलणाऱ्या पृष्ठभागांवर अर्थिंगसाठी कधीही विसंबू नये.

तारेच्या जाडीचा हिशेबही करून पाहू, म्हणजे आपली खात्री होईल. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. ब्रेकचा संदेश मोटरहोमच्या पुढच्या भागापासून कारच्या मागच्या टोकापर्यंत साधारण १५ मीटर जातो, २.१ अँपिअरला त्यात ०.३८ व्होल्ट खर्ची पडतात. पांढऱ्या तारेला कारच्या मागच्या टोकापासून मोटरहोमच्या सॉकेटपर्यंत सुमारे ७ मीटरच जावे लागते, पण दोन्ही ब्रेक लाइट आणि दोन्ही टेल लाइट यांचा मिळून ५.४ अँपिअर करंट तिच्यातून परततो, म्हणून तेथे ०.४५ व्होल्ट जातात. ही एकूण घट १२.८ व्होल्टच्या साडेसहा टक्के झाली. ऐकायला ती थोडी वाटते. परंतु फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो, त्यामुळे एवढ्यानेच प्रकाश सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो. त्यात डायोडचे ०.७ व्होल्ट मिळवले तर सुमारे एक तृतीयांश प्रकाश हातचा जातो. म्हणूनच पांढरी तार २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. डायोडची पद्धत वापरल्यास ती दिव्यांजवळ कारच्या पत्र्याला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्टने घट्ट करावी आणि वरून ग्रीस लावावे.

अर्थिंगची तपासणी दिवे पेटलेले असतानाच करावी. मल्टीमीटरचे एक टोक मोटरहोमच्या सॉकेटमधील पांढऱ्या पिनला आणि दुसरे कारच्या दिव्याच्या अर्थिंगला लावून टेल लाइट आणि ब्रेक एकाच वेळी चालू करावेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वाचन आले तर एकेक जोड तपासत जावे. दिवे बंद ठेवून केवळ ओहममध्ये केलेली तपासणी येथे फसवते, कारण तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी ती उत्तम दाखवते.

मोटरहोम जुने आहे, तेव्हा तारांच्या रंगांवरही विश्वास ठेवू नये. आधीच्या मालकाने काय केले असेल ते सांगता येत नाही. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक पिन तपासावी, कागदावर लिहून काढावी आणि मगच कारकडे वळावे. सॉकेट सात पिनांचे असेल तर त्यात इलेक्ट्रिक ब्रेकची निळी तार आणि बॅटरीची सतत जिवंत असलेली तारही येते. या दोन्ही तारा दिव्यांच्या कामात येत नाहीत. मात्र ओढताना स्टिअरिंग मोकळे राहावे म्हणून काही कारची किल्ली फिरवून ठेवावी लागते आणि त्यात बॅटरी उतरते. तेथे ती जिवंत तार फ्यूज घालून कारच्या बॅटरीला पोहोचवता येते. कार चारही चाकांवर ओढायला मुळात योग्य आहे का, हे कारच्या मालकपुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ते पान जावयांनी आधीच वाचले असेल असे मी धरून चाललो आहे.

कारच्या पुढच्या बंपरपासून मागपर्यंत तारा पन्हळी नळीतून न्याव्यात, सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवाव्यात, आणि त्या पत्र्यातून आत शिरतात तेथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने तार कापू नये म्हणून बसवायचे कडे) घालावे. दोन गाड्यांमधली केबल वळण घेताना ताणली जाणार नाही इतकी सैल हवी, पण रस्त्याला घासेल इतकी लांब नको. सर्व काम झाल्यावर आपण कारच्या मागे उभे राहावे आणि मुलीला मोटरहोममध्ये बसवून टेल लाइट, डावा, उजवा, ब्रेक, मग ब्रेक दाबलेला असताना डावा आणि उजवा अशा क्रमाने दिवे लावायला सांगावे. ही शेवटची जोडी बहुतेक लोक तपासायची विसरतात, आणि आपल्या पत्रातला दोष तेथेही उघडा पडतो. दर दिवशी निघण्यापूर्वी हीच तपासणी जावयांनी करावी.

प्रश्न : आमच्याकडे पुण्यातच एक कॅम्पर व्हॅन आहे. वरीलप्रमाणे तिच्यामागे आम्ही आमची जीप ओढत कोकणात नेऊ शकतो का? नसल्यास सामानाचा लहान ट्रेलर जोडायचा आहे. त्याला अमेरिकी पद्धतीचे चार तारांचे वायरिंग चालेल का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : जीप ओढत नेता येणार नाही. आपल्याकडील नियमांनुसार बंद पडलेले वाहन किंवा नोंदणी झालेला ट्रेलर ओढता येतो. चालू स्थितीतील गाडी सहलीसाठी मागे बांधून नेण्याची मुभा नाही. ताम्हिणीच्या वळणांवर तर तसा विचारही मनात आणू नये.

ट्रेलरची नोंदणी करून घेणार असाल तर दिव्यांचा विचार अवश्य करावा आणि तो मनापासून करावा. गळीत हंगामात दौंड आणि इंदापूरच्या रस्त्यांवर ऊस भरलेल्या, मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री अचानक समोर येतात तेव्हा काळजाचा ठोका चुकतो, आणि अशा ट्रॉलीवर मागून आदळून किती घरांतली माणसे गेली आहेत हे या भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. चार तारांची अमेरिकी जोडणी आपल्या व्हॅनला थेट चालणार नाही, कारण आपल्याकडे इंडिकेटर आणि ब्रेक वेगळे असतात. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, टेल आणि अर्थिंग अशा किमान पाच तारा हव्यात. युरोपीय पद्धतीचे सात पिनांचे गोल सॉकेट त्यासाठी सोयीचे पडते. मात्र त्यात पिवळी तार फक्त डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची आणि लाल ब्रेकची असते, तर टेल लाइट डावीकडे काळ्या आणि उजवीकडे तपकिरी तारेवर येतो. पांढरी तार येथेही अर्थिंगचीच असते आणि तिच्याविषयी वर लिहिलेले सर्व काही आपल्या ट्रेलरलाही जसेच्या तसे लागू आहे.