ॲक्रिलिक की पीयू? आधी सिंकखालच्या शटरची खालची कड बघा

प्रश्न असा आहे: ‘डोंबिवलीला टू बीएचके, दहा फुटी ओटा. किचनची शटर बदलायची आहेत. ॲक्रिलिक आणि पीयूमध्ये (पॉलियुरेथेन रंगात) जास्त वर्षं काय टिकेल? डिझायनर म्हणतो लॅमिनेट आता कोणी लावत नाही. आत मरीन प्लाय घेतलं की पाण्याची काळजी नाही ना?’

लॅमिनेट, म्हणजे सनमायका, लावतात. रोज लावतात. आणि दहा वर्षांनंतर ओलं फडकं फिरवलं की पुन्हा नवी दिसणारी शटर बहुतेक त्याचीच असतात. पण तुमच्या प्रश्नातली खरी मेख ‘मरीन प्लाय घेतलं की’ या शब्दांत आहे, म्हणून आधी तेच.

सिंकखालचं एक शटर घ्या. सात वर्षं वापरलेलं, ७२० बाय ४५० मिमी, ७१० चा, म्हणजे मरीनचा, शिक्का असलेल्या १८ मिमी प्लायचं, बाहेर १ मिमी लॅमिनेट, आतून ०.८ चा पांढरा लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट. समोर उभं राहून बघाल तर काही झालेलंच नाही. रंग तसाच, ओरखडा नाही. खाली बसून कडेवरून बोट फिरवलं की कळतं. वर्निअर लावा: वरच्या कडेला २० मिमीला जरा कमी, म्हणजे असायला हवी तेवढीच जाडी. खालच्या कोपऱ्यात २४. लॅमिनेट कोपऱ्यातून नखभर उचललेलं, आत काळी रेघ, दाबलं की ओल बोटाला लागते. शटर उतरवून उलटं करा. तीन कडांना पट्टी, चौथी उघडी. खालची कड कोणाला दिसते? म्हणून ती तशीच सोडलेली.

पाणी तिथे कसं पोचतं ते बघा. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेवरून पाणी ओघळतं, शटरच्या तोंडावरून खाली येतं आणि खालच्या कडेला थेंब होऊन लटकतं. तो थेंब लगेच पडत नाही. तिथे प्लायच्या थरांची उघडी टोकं असतात, म्हणजे कापलेल्या नळ्याच, आणि त्या पाणी वर ओढतात. दिवसातून तीनदा भांडी, तीनदा हे. शिवाय फरशी पुसताना पोछ्याचा फटका. आतून सिंकखालच्या वाकड्या पाइपच्या, म्हणजे ट्रॅपच्या, जोडाचा पाझर, जो भांडी घासणाऱ्या ताईंना आधी कळतो आणि मालकाला सहा महिन्यांनी.

मग ७१० चा शिक्का काय करतो? आयएस ७१० हे भारतीय मानक, आणि पाण्यापुरतं बोलायचं तर त्यात मुख्य म्हणजे थरांमधला गोंद. फिनॉलिक गोंद असतो, ७२ तास उकळला तरी थर सुटत नाहीत. साध्या एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लायमध्ये युरियाचा गोंद असतो, तो ओल आणि उष्णता एकत्र आली की सुटतो. मुख्य फरक हाच. लाकडाने पाणी पिऊ नये अशी हमी कुठलाच शिक्का देत नाही. लाकूड फुगतं, सुकतं, पुन्हा फुगतं, आणि वरचं लॅमिनेट त्याच्याबरोबर तेवढं हलत नाही. शिवाय लॅमिनेट आणि प्लायमधला गोंद कारखान्याचा नाही, तुमच्या घरी सुताराने ब्रशने लावलेला पांढरा गोंद आहे. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी तीच, आणि पैसे मात्र आपण ७१० ला मोजतो.

याच शटरची खालची बिजागरी उघडा. स्क्रू काळे, कपला (बिजागरीच्या शटरमध्ये बसणाऱ्या वाटीला) पांढरी बुरशी आल्यासारखं. ती बुरशी नाही. सिंकखाली फरशीच्या ॲसिडची बाटली ठेवलेली असते, तिचं झाकण कितीही घट्ट लावा, हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघतच राहते आणि बंद कप्प्यात निकेलचा मुलामा खाते. स्टेनलेस बिजागरीलाही ठिपके पडतात. स्क्रूची पकड गेली की शटर चार मिमी खाली बसतं, शेजारच्याला घासतं आणि त्याचीही पट्टी उचलतं. एका उघड्या कडेपायी आणि एका बाटलीपायी दोन शटर गेली. ॲसिड बाथरूममध्ये ठेवा, इथे नको.

आता प्लायच्या जागी दुसरं काही असतं तर? एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) असतं तर ते फुगून परत बसलं नसतं, कड फुलकोबीसारखी झाली असती. एचडीएचएमआर, म्हणजे ओल कमी पिणारा तसलाच बोर्ड, त्यापेक्षा घट्ट, घनता ८५० किलो प्रति घनमीटरच्या आसपास, पाणी सावकाश पितं, पण पितंच. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकणाऱ्याकडून दोन इंचाचा तुकडा मागून घ्या, जाडी मोजा, बादलीत २४ तास बुडवा, परत मोजा. १८ चा साडेअठरा झाला तर घ्या. साडेएकोणीस झाला तर दुकान बदला. तुकडा द्यायला नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक) आणि पीव्हीसी बोर्ड सडत नाहीत, वाळवीही लागत नाही, हे खरं. पण बिजागरीचा स्क्रू त्यात दोनदा काढून लावला की तिसऱ्यांदा फिरतच राहतो, आणि तीन फुटांपेक्षा उंच शटर उन्हाच्या भिंतीवर धनुष्यासारखं वाकतं. सिंकखालच्या छोट्या शटरला चालेल, बाकी कुठे नको.

तुमचा मूळ प्रश्न. ॲक्रिलिक म्हणजे साधारण १ ते दीड मिमीचा चकाकणारा पत्रा, एमडीएफ किंवा एचडीएचएमआरवर दाबलेला. पाण्याने त्याला काही होत नाही, स्क्रबरने होतं. भांड्यांची हिरवी घासणी एकदा फिरली की संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात गोल गोल रेघा दिसतात, गडद रंगात तर हमखास. स्पिरिट, थिनर, अमोनियावाला काच क्लीनर यांनी बारीक तडे जातात. शिवाय एकाच बाजूला जाड ॲक्रिलिक आणि मागे पातळ लायनर असेल तर उंच शटर वाकतं. मागेही बॅलन्सिंग शीट आहे का, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला दुरुस्ती नाही. पॉलिशने वरवरचे ओरखडे जातात, खोल गेला की अख्खं शटर बदला, आणि सात वर्षांनी ती शेड मिळत नाही.

पीयूचे टवके उडतात. कोपऱ्याला कुकर लागला की आतला तांबूस एमडीएफ दिसतो, आणि त्या टवक्यातून पाणी आत शिरतं. पांढरा पीयू गॅसजवळ चार-पाच वर्षांत पिवळट होतो. पण तो घासून पुन्हा मारता येतो. शटर उतरवा, ३२० चा पॉलिश कागद, प्रायमर, दोन हात, झालं. फक्त बंद स्प्रे बूथमध्ये मारलेला हवा. बाल्कनीत मारलेल्या पीयूत धूळ बसते आणि ती कायमची. दोघांत मला निवडायला लावलंत तर पीयू, केवळ परत मारता येतो म्हणून.

मेम्ब्रेनबद्दल विचारलं नाहीत ते बरं. एमडीएफवर ०.३ ते ०.४ मिमीची पीव्हीसी फिल्म गरम करून व्हॅक्युमने ओढलेली असते, त्यामुळे समोर आणि चारही कडांना जोड नसतो, आणि पहिली तीन वर्षं सगळ्यात सुंदर तीच दिसते. फिल्म संपते मागच्या धारेवर. गॅसच्या शेजारच्या शटरला उष्णतेने फिल्म आकसते, गोंद मऊ होतो आणि नेमकी त्या धारेवरून ती सुटते. हेअर ड्रायर आणि घरच्या गोंदाने बसवायचा प्रयत्न करू नका, फुगे राहतात. गॅसच्या दोन्ही बाजूंना मेम्ब्रेन लावणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

लॅकर्ड ग्लास (मागून रंगवलेली काच) ॲल्युमिनियम फ्रेममध्ये असेल तर वरच्या कपाटांना उत्तम, तेलाचा थर काचेवरून निघतो तसा कशावरूनही निघत नाही. सागवानी शटर पावसाळ्यात अडकतात आणि मार्चमध्ये सुटतात. दिलेदार (चौकटीत बसवलेल्या फळीचं) सोडून अखंड फळी कधीच करू नका. स्टील टिकतं, पण बोटांचे ठसे रोज पुसावे लागतात.

आता डिझायनरच्या त्या वाक्याकडे. ‘लॅमिनेट जुनाट दिसतं’ असं म्हणणाऱ्यांनी बहुधा ०.८ चं लॅमिनेट आणि कडेला हाताने चिकटवलेली पातळ पट्टी पाहिलेली असते. बाहेर १ मिमी आणि कडेला मशीनवर लावलेली २ मिमीची पीव्हीसी पट्टी घ्या. पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंदाच्या मशीनवर लावली तर आणखी बरं. नेहमीचा हॉटमेल्ट ईव्हीए गोंद गॅसच्या आणि कुकरच्या वाफेने मऊ पडतो. मॅट लॅमिनेटवर तेलाचे हात दिसतात, सुएड फिनिशवर कमी. दिवाळीत जोर लावून घासायची ज्या घरांत सवय आहे तिथे दुसरं काही लावून उपयोग नाही.

सांगून करून घ्यायचं ते एवढंच. खालची कड १८० च्या कागदाने घासायची, पीयू सीलर किंवा पातळ इपॉक्सीचे दोन हात, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा, आणि मग पट्टी. बिजागरीसाठी ३५ मिमीचं भोक पाडल्यावर आत तोच सीलर ब्रशने, कप बसवण्याआधी. भोक साधारण १२ मिमी खोल असतं, म्हणजे १८ च्या प्लायमध्ये मागे सहाच मिमी उरतात, घाईत ड्रिल पुढच्या लॅमिनेटला येऊन भिडतो. ९०० मिमी उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या, १६०० पर्यंत तीन, पुढे किमान चार. वजनाचाही हिशेब करा: ७२० बाय ६०० चं प्लायचं शटर लॅमिनेटसकट सहा किलोच्या वर जातं, एचडीएचएमआरचं आठच्या जवळ. ग्रॅनाइट शटरच्या २० ते २५ मिमी पुढे हवा आणि त्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून १५ मिमी आत, ५ मिमीची खाच हवी. ग्रॅनाइटवाला पंधरा मिनिटांत ग्राइंडरने मारतो. थेंब खाचेपाशी सुटतो आणि शटरपर्यंत पोचत नाही. कोणी मारत नाही, कारण कोणी सांगत नाही.

शटर आधीच बसलेली असतील आणि खालची कड उघडी असेल तर उतरवून सावलीत चार-पाच दिवस उभी ठेवा, पूर्ण वाळू द्या, मग सीलर. ओल्या कडेवर सीलर मारलात तर ओल आत कोंडते, त्यापेक्षा न मारलेलं बरं.

तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, फ्रिजशेजारच्या सात फुटी कपाटाच्या शटरला प्लाय लावू नका, ते वाकतं. तिथे एचडीएचएमआर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लॅमिनेटसह. दुसरं, तुमचा ओटा कडप्प्याच्या उभ्या फरशांवर असेल, आणि जुन्या इमारतीत असतोच, तर शटर कडप्प्यावर नाही, पुढच्या चौकटीवर टांगलेली असतात. ती चौकट जमिनीला टेकलेली असेल तर आधी तीच सडते आणि दोष शटरला लागतो. खालचे चार इंच चौकट ग्रॅनाइटच्या स्कर्टिंगवर उचलून घ्या. तिसरं, प्लायवरचा आयएसआयचा सीएम/एल (परवाना) नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, माल टेम्पोतून उतरवायच्या आधी. एकदा लॅमिनेट चढलं की शिक्का परत दिसत नाही.

लॅमिनेटची एक शीट जास्तीची घ्या आणि पलंगाच्या खाली आडवी ठेवा. उभी ठेवलेली वाकते.