जूनमध्ये दोघांसाठी झ्युरिकचे तीन दिवस परवडतील का?

तुमचा प्रश्न असा, की म्युनिकला बहिणीकडे येणार आहात, तिथून तीन दिवस झ्युरिक करायचं आहे, दोघांतला एक जण पक्का शाकाहारी आहे, आणि याच तीन दिवसांत टिटलिस आणि युंगफ्राउयोख ही बर्फाळ डोंगरांवरची ठिकाणंही बसतात का ते बघायचं आहे.

बसवू नका. मी झ्युरिकजवळ राहतो, त्यामुळे पाहुण्यांचे असे बेत बरेच बघतो. युंगफ्राउयोखला जाऊन-येऊन सहज सहा-सात तास प्रवासात जातात, दोघांच्या तिकिटांच्या पैशात झ्युरिकच्या हॉटेलच्या एक-दोन रात्री निघतात, आणि वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून परत यायचं. बर्फच बघायचा असेल तर त्यासाठी वेगळी खेप करा.

आता महागाईचं. एक फ्रँक म्हणजे शंभर रुपयांच्या वर, हे खरंच. पण या शहरात महाग आहे ती माणसाची मेहनत. कोणी तुमच्यासाठी शिजवलं, वाढलं, पलंगपोस बदलला, की बिल चढतं. नुसतं चालायला, बघायला आणि पाणी प्यायला जवळजवळ काही पडत नाही. पाण्याचं अक्षरशः: शहरात 1,200 हून जास्त कारंजी आहेत आणि ‘पिण्याचे नाही’ अशी पाटी नसेल तर सगळ्यांचं पाणी पिता येतं. बाटली विकत घेणारा माणूस इथे लगेच पाहुणा म्हणून ओळखू येतो.

मोठा खर्च मुक्कामाचा. हे बँका आणि विमा कंपन्यांचं गाव, कामासाठी येणारे लोक सोमवार ते गुरुवार हॉटेलं भरतात. म्हणून शुक्रवार ते रविवारच्या रात्री बऱ्याचदा स्वस्त मिळतात, विशेषतः ओर्लिकोन भागात आणि विमानतळाजवळ. तिथून मुख्य स्टेशन लोकलने दहा मिनिटांच्या आसपास. वोलिसहोफेनचं युथ होस्टेलही वाईट नाही, नाश्ता भाड्यातच असतो. फक्त रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. त्या दिवशी मुख्य स्टेशनच्या पोटातली दुकानं उघडी मिळतात, हे लक्षात ठेवा.

फिरायला 72 तासांचं झ्युरिक कार्ड घ्या. किंमत साधारण 50-60 फ्रँक, पण त्यात ट्रॅम, लोकल, विमानतळ, उटलीबर्ग डोंगराची गाडी आणि सरोवरातली छोटी बोटफेरी हे सगळं येतं, काही संग्रहालयं फुकट तर काही सवलतीत. एखाद्या दिवशी नुसतं शहरातच फिरायचं असेल तर 24 तासांचं तिकीट साधारण दोन सुट्या तिकिटांच्या किमतीत मिळतं. ते काढल्या क्षणापासून 24 तास चालतं, रात्री बाराला संपत नाही. ट्रॅमला फाटक नसतं, तिकीट तपासनीस अचानक चढतात आणि दंड 100 फ्रँकच्या घरात जातो.

पहिला दिवस जुन्या गावात पायी. लिंडनहोफच्या चौथऱ्यावरून सुरुवात करा. रोमन काळात तिथे जकात नाका होता, आता झाडांखाली म्हातारे बुद्धिबळ खेळतात आणि खाली लिमाट नदी दिसते. सेंट पीटर चर्चच्या घड्याळाची तबकडी 8.64 मीटर व्यासाची आहे. फ्राउम्युन्स्टर चर्चमध्ये चित्रकार शागालच्या 1970 च्या रंगीत खिडक्या आहेत, तिथले 5 फ्रँक बिनतक्रार द्या, शक्यतो ऊन असताना. नदीपलीकडचं ग्रोसम्युन्स्टर चर्च फुकट. त्याच्या मागच्या स्पीगेलगासे या अरुंद गल्लीत 1916 साली कॅबरे व्होल्टेर या क्लबमध्ये ‘दादा’ या बंडखोर कला-चळवळीचा धिंगाणा सुरू झाला, आणि त्याच गल्लीत, चार पावलांवर, लेनिन भाड्याने राहत होता. दोन्ही बाजूंना एकमेकांचा किती आवाज जात असेल कोण जाणे!

दुसरा दिवस उटलीबर्ग आणि सरोवर. उटलीबर्ग साधारण 870 मीटर उंच, मुख्य स्टेशनहून एस-10 लोकल थेट माथ्याजवळ नेते. सकाळी वर, दुपारी बोट. हवा गरम असेल तर टॉवेल जवळ ठेवा; ओबरर लेटेन या नदीकाठच्या पोहण्याच्या जागी लोक कचेरी सुटली की नदीत उड्या मारतात, प्रवेश फुकट. पोहता येत नसेल तर मात्र काठावर बसूनच बघा, पाण्याला ओढ असते.

तिसऱ्या दिवशी मी ऱ्हाइनचा धबधबा सुचवेन. तासाभराचा लोकलप्रवास आहे, पण शहराच्या कार्डावर तो धरू नका, तिकीट वेगळं बघा. रुंदी 150 मीटर, उंची 23, त्यामुळे जोग वगैरे डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. जूनमध्ये बर्फ वितळून पाणी भरपूर असतं आणि मजा त्या रेट्यात आहे. लाउफेन किल्ल्याच्या बाजूने प्रवेशशुल्क आहे, नॉयहाउझेनच्या बाजूने नाही. पाऊस लागला तर याऐवजी रीटबर्ग संग्रहालयात जा (सोमवार सोडून). आपल्याकडची पहाडी लघुचित्रं इतक्या निवांतपणे बघायला मिळणं आपल्याकडेही अवघड. कागदावरची चित्रं आळीपाळीने मांडतात, त्यामुळे काय दिसेल ते नशीब.

पोटाचं. साध्या रेस्टॉरंटमध्येही एका पदार्थाचे 25-30 फ्रँक. म्हणून दुपारी मिग्रो किंवा कोप या सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं, दही, सॅलड घेऊन सरोवराच्या काठी बसा. इथले पगारदारही तेच करतात. याच सुपरमार्केटांच्या सेल्फ सर्व्हिस उपाहारगृहांत गरम जेवण 15-20 मध्ये होतं. हिल्टल हे 1898 पासूनचं शाकाहारी रेस्टॉरंट. 1951 साली ते चालवणाऱ्या हिल्टल घरातल्या बाई दिल्लीच्या शाकाहारी परिषदेला गेल्या आणि येताना भारतीय स्वयंपाक घेऊन आल्या. एकदा जावं, पण बुफे वजनावर आहे, तेव्हा ताटात डाळ-भाताचा डोंगर रचू नका. टीप बिलातच धरलेली असते. शाकाहारी मंडळींनी फोंड्यू (वितळवलेलं चीज, त्यात ब्रेड बुडवून खातात) मागवण्याआधी एवढं ठाऊक असू द्या, की त्यातल्या ग्रुयेर चीजला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं विरजण, वापरतात. बहिणीकडून ठेपले करून आणलेत तर उत्तमच, हॉटेलात चहासाठी किटली असेलच असं मात्र नाही.

कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की फ्रँकमध्ये’ विचारतं तेव्हा फ्रँकच निवडा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, म्हणून म्युनिकमध्ये घेतलेल्या सिमचं रोमिंग इथे चालतं का ते आधीच तपासा, नाहीतर डेटाचं बिल जेवणापेक्षा जास्त येईल. शेंगेन व्हिसा मात्र तोच चालतो. आणि जर्मनीतला जाडा गोल प्लग इथल्या सॉकेटमध्ये शिरत नाही, दोन पिनांचा चपटा चार्जर आणा.