वाचकांचे प्रश्न : एका लोकप्रिय गाण्याआड राहिलेला बँड

प्रश्न : १९९५ साली मी कामानिमित्त काही महिने इंग्लंडमध्ये होतो. त्या मार्चमध्ये सकाळी रेडिओ लावला की 'वेक अप बू!' हे गाणे हटकून लागत असे आणि ते आजही माझ्या ओठांवर आहे. परवा मुलीने त्याच 'द बू रॅडलीज' या बँडचा 'जायंट स्टेप्स' हा अल्बम ऐकवला, तर गिटारच्या कल्लोळात गाणे कुठे आहे तेच मला कळेना. ती म्हणते की हा शूगेझ आहे आणि माझे आवडते गाणे पॉवर पॉप आहे. एकाच बँडची ही दोन रूपे कशी? आणि ऐकायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बँड तोच आणि माणसेही तीच. गाणी लिहिणारे गिटारवादक मार्टिन कार, साइस या एकाच नावाने ओळखले जाणारे गायक, बेसवर टिम ब्राउन आणि ड्रम्सवर रॉब सिएका. लिव्हरपूलहून मर्सी नदी ओलांडली की पलीकडे वॉलसी हे गाव लागते. तिथे १९८८ साली हा बँड सुरू झाला. कार आणि साइस हे बालमित्र, आणि मोठेपणी पॉप गायक व्हायचे हे त्यांनी शाळेतच ठरवून टाकलेले. बँडचे नाव हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीतील, घराबाहेर न पडणाऱ्या शेजाऱ्यावरून घेतलेले आहे.

आपल्या कन्येने केलेली वर्गवारी चुकीची नाही. मात्र या बँडच्या बाबतीत ती फारशी उपयोगाची नाही. शूगेझ हे नाव ब्रिटिश संगीत-पत्रकारांनी काहीसे खिजवण्यासाठी रूढ केले : गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची इफेक्ट पेडल्स सांभाळताना हे वादक सारा वेळ आपल्या बुटांकडेच पाहत उभे राहतात, असा त्यात टोमणा होता. या शैलीत आवाज मुद्दाम फाटका केलेल्या गिटारचे थरावर थर चढतात आणि गायकाचा आवाज त्या थरांच्या आत मिसळून जातो. आपल्याकडे गायक दोन तानपुऱ्यांच्या मधोमध बसतो, पण त्याचा स्वर त्या घुमाऱ्याच्या वर तरंगत असतो. इथे तो जाणूनबुजून आत बुडवलेला असतो. पॉवर पॉप हा शब्द 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंड यांनी १९६७ साली वापरला. लख्ख चाल, एकमेकांत गुंफलेले आवाज, करकरीत गिटार आणि तीन मिनिटांत आटोपणारे गाणे असा त्याचा साधारण अर्थ. म्हणजे एका शैलीत चाल झाकायची आणि दुसरीत ती उजेडात आणायची. बू रॅडलीज यांची खुबी अशी की ते एकाच गाण्यात या दोन्ही गोष्टी करतात, आणि तेही ऐकणाऱ्याला पूर्वसूचना न देता.

उदाहरण म्हणून 'जायंट स्टेप्स'मधले 'लॅझरस' घ्या. सुरुवातीला जमैकन डबच्या, म्हणजे बेस आणि प्रतिध्वनींवर उभ्या असलेल्या रेगे संगीताच्या, चालीने जाणारा सुस्तावलेला बेस ऐकू येतो आणि त्याच्या आजूबाजूला दूरचे प्रतिध्वनी फिरत राहतात. हे इतका वेळ चालते की गाणे सुरू झाले आहे की अजून तयारीच चालली आहे, असा प्रश्न पडावा. मग एकाएकी गिटारची भिंत उभी राहते आणि तिच्या डोक्यावरून ट्रम्पेट असे गरजतात, की गल्लीच्या वळणावरून अचानक वरात समोर यावी. त्यानंतर साइस गाऊ लागतात ते मात्र अगदी हळुवार, चर्चमधल्या गायकवृंदातील मुलाच्या निर्मळ आवाजात. इतक्या गलक्यानंतर हा एवढासा आवाज येतो, म्हणूनच तो मनाला लागतो. 'लीव्ह्ज अँड सँड'ची रचना याहून सोपी आहे : साध्या गिटारवर कुजबुजल्यासारखे कडवे आणि लगेच कान दिपवणारा स्फोट, पुन्हा कुजबुज, पुन्हा स्फोट. मला अशी शंका आहे की आपण हा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकला असावा. त्या चिमुकल्या स्पीकरमधून बेस जवळजवळ नाहीसा होतो, हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर आक्रसते, आणि मागे उरतो तो केवळ गोंगाट. बरे हेडफोन लावावेत, कुजबुज स्पष्ट ऐकू येईल इतका आवाज ठेवावा आणि स्फोट झाला तरी तो कमी करू नये.

'जायंट स्टेप्स' १९९३ साली आला. त्यात सतरा गाणी असून अल्बमचा अवधी तासाभराहून अधिक आहे, आणि नाव थेट जॉन कोलट्रेन यांच्या प्रसिद्ध जॅझ अल्बमवरून उचललेले आहे. वॉलसीच्या पोरांनी कोलट्रेन यांच्या पंक्तीत पाट मांडून घ्यावा हा आगाऊपणाच होता, पण तो त्यांना शोभून दिसला. इंग्लंडमधील समीक्षकांनी त्या वर्षीच्या उत्तम अल्बमांत त्याला फार वरचे स्थान दिले. ज्या 'क्रिएशन' या रेकॉर्ड कंपनीने तो काढला, तिनेच १९९१ साली 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' यांचा 'लव्हलेस' आणि 'टीनएज फॅनक्लब' यांचा 'बँडवॅगनेस्क' काढला होता. शूगेझचे आणि पॉवर पॉपचे हे दोन मानदंड एकाच छपराखालून, एकाच वर्षी बाहेर पडले हे लक्षात घेतले, म्हणजे त्याच छपराखालच्या या बँडने दोन्हींकडून घेतले याचे नवल वाटत नाही.

मग हा बँड विस्मरणात का गेला? माझ्या मते याला आपले आवडते गाणेच बरेचसे जबाबदार आहे. ते ब्रिटनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले आणि ते ज्यात आहे तो 'वेक अप!' हा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तो काळ ब्रिटपॉपच्या, म्हणजे चालीला महत्त्व देणाऱ्या ब्रिटिश गिटार-बँडांच्या लाटेच्या, भराचा होता. त्या लाटेतला गाजलेला बँड 'ओएसिस'ही याच कंपनीत होता. गाण्यासाठी आलेले लाखो श्रोते मागच्या अल्बमांकडे वळले नाहीत आणि जुन्या श्रोत्यांना वाटले की आपला बँड बाजारात जाऊन बसला. दोघांनीही नीट ऐकले नाही असे मी म्हणेन. त्या हसऱ्या ट्रम्पेटखालचे शब्द उन्हाळा सरल्याचे आहेत, आणि ते ध्यानात आल्यावर सकाळच्या रेडिओने हे गाणे इतके डोक्यावर का घेतले असावे याची गंमत वाटते. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, 'कमॉन किड्स' हा खरखरीत आणि विक्षिप्त अल्बम आला, आणि नव्याने आलेल्या श्रोत्यांपैकी बरेचजण पांगले. १९९८च्या 'किंगसाइझ'नंतर, १९९९ साली बँड मोडला.

आपल्याला चालींची ओढ आहे, म्हणून कालक्रम सोडून ऐकावे. आधी 'वेक अप!' पूर्ण ऐकावा, केवळ पहिले गाणे नव्हे. 'फाइंड द आन्सर विदिन' आणि 'रीचिंग आउट फ्रॉम हिअर' यांत तीच प्रसन्नता आहे, फक्त घाई नाही. तेथून 'जायंट स्टेप्स'मधील 'विश आय वॉज स्किनी' आणि 'बार्नी (...अँड मी)' या दोन गाण्यांवर यावे, कारण ती त्या अल्बमची दारे आहेत. मग तो सलग ऐकावा. १९९२चा 'एव्हरीथिंग्ज ऑलराइट फॉरेव्हर' शेवटी ठेवावा. शुद्ध शूगेझच्या सर्वांत जवळ जाणारा हाच, आणि 'लेझी डे' या त्यातल्या जेमतेम दीड मिनिटाच्या गाण्यात पुढच्या पॉपची चाहूल आहे.

प्रश्न : हा बँड अलीकडे पुन्हा एकत्र आला, पण मार्टिन कार यांच्याविना. ज्यांनी गाणी लिहिली तेच नसताना नवे अल्बम ऐकण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे, पण अपेक्षा वेगळी ठेवून. साइस, ब्राउन आणि सिएका २०२१ साली पुन्हा एकत्र आले. २०२२ साली 'कीप ऑन विथ फॉलिंग' आणि २०२३ साली 'एट' असे दोन अल्बम त्यांनी काढले. साइस यांचा आवाज अजून टवटवीत आहे आणि गाणी नेटकी आहेत. मला त्यांत चुकल्यासारखे वाटते ते एवढेच, की गाणे ज्या दिशेने निघाले आहे त्याच दिशेने पोहोचते. मध्येच भिंत फोडून काही आत येत नाही. ती खोड कार यांची होती. बँड मोडल्यानंतर ते 'ब्रेव्ह कॅप्टन' या नावाने आणि पुढे स्वतःच्या नावाने गाणी करत राहिले. म्हणून नवे अल्बम ऐकायचे असतील तर ही कार यांची गाणीही शेजारी ठेवून ऐकावीत. एकीकडे तो आवाज सापडेल, दुसरीकडे ती खोड.