टी की एफ?

प्रश्न : माझी २००९ची स्प्लेंडर. धूर सोडू लागली म्हणून दोन महिन्यांपूर्वी हाफ इंजिन केलं. ब्लॉक-पिस्टन, टायमिंग चेन, सगळं नवं. तेव्हापासून चालू नीट होते, स्लोवर बरी वाजते, पण ४५च्या पुढं जात नाही. शाळेच्या वाटेवरच्या चढाला दुसरा टाकावा लागतो, सायलेन्सर फटाके मारतो. मिस्त्रींनी प्लग बदलला, मग कार्बोरेटर, मग सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा). आता म्हणतात, रनिंग झालं, म्हणजे नवं काम थोडं चालून रुळलं, की सुटेल. सुटेल का?
– एक शिक्षक, पाटण तालुका

उत्तर : नाही सुटणार, गुरुजी. रनिंगमध्ये रिंगा बसतात, टायमिंग नाही बसत. गाडी कामाआधी ओढत होती आणि कामानंतर ओढत नाही, तर काम करताना जिथं हात लागला तिथंच बघायचं. सीडीआयला कुणी हात लावला होता? तो पैसा गेला, सोडून द्या.

माझा संशय टायमिंग चेन, म्हणजे पिस्टनच्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी, एक दात चुकल्याचा आहे, आणि तो का हे सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. स्प्लेंडर येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. दूधवाल्याची गाडी, पहाटे चारला द्यायची, लाईट गेलेली, तोंडात बॅटरी धरून मी मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकाचं चाक, फिरवतोय. मॅग्नेटवर दोन खुणा असतात, टी आणि एफ. टी म्हणजे पिस्टन अगदी वर. एफ म्हणजे ठिणगी पडायची जागा, टीच्या साधारण १५ अंश आधी. मॅग्नेट डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट फिरवायचं, म्हणजे पहिल्यांदा एफच समोर येते. रेघ दिसली, मी थांबलो.

आता गंमत बघा. एफवर थांबलं की कॅमच्या स्प्रोकेटवरची (दातेरी चाकावरची) 'ओ' खूण हेडवरच्या खाचेशी जुळतच नाही. एका दातावर थोडी अलीकडं राहते, पुढच्या दातावर थोडी पलीकडं जाते. पलीकडची जास्त जवळ दिसते. मी ती घेतली, आणि तीच चुकीची. क्रँकच्या हिशेबानं २५ अंशांचा फरक पडतो. व्हॉल्व्ह आधीच उघडतात, आधीच मिटतात. त्यामुळं स्लोवर गाडी शहाणी, रेस वाढवली की दमते. दूधवाला संध्याकाळी कॅन घेऊन दारात उभा होता. काय बोलला ते इथं छापता येणार नाही.

तुमच्या गाडीत हे तपासायला अर्धा तास पुरतो, इंजिन उतरवायचं नाही. गाडी थंड हवी. प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. डाव्या कव्हरवरची दोन टोपणं आणि हेडचं डावं गोल झाकण काढा. गोटी पान्यानं मॅग्नेट फिरवत टी, परत सांगतो टी, केसिंगच्या खाचेशी आणा. 'ओ' खाचेसमोर नसून भलतीकडं असेल तर अजून पूर्ण एक फेरा. तरीही ती दातभर सरकलेली दिसली, तर चोर सापडला. स्प्रोकेटचे बोल्ट काढण्याआधी चेनच्या खाली फडकं कोंबा आणि चेन तारेनं बांधून ठेवा. बोल्ट आत पडला तर अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं. चेन बसल्यावर मॅग्नेट हातानं दोन-तीन फेरे फिरवून खुणा परत बघा. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायचे, तेही गाडी थंड असतानाच.

खुणा बरोबर निघाल्या तर मात्र कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, बघा. प्लग परत लावा. चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारा, दम लक्षात ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल घाला, प्लग लावा आणि पुन्हा मारा. किक घट्ट झाली तर रिंगा नीट बसलेल्या नाहीत, फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह गळतायत, लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून बसवणं) नीट झालेलं नाही. ऑईल घातल्यावर पहिली पाच मिनिटं धूर येईल, त्याला घाबरू नका.

आणि मिस्त्रींना हे सगळं त्यांच्या गॅरेजात, चार लोकांसमोर वाचून दाखवू नका. नुसतं विचारा, "टीवर बसवलीय ना?" तोंड बघून कळेल.