मुलं नुसती नक्कल करतात, म्हणजे त्यांच्यात कल्पकता कमी आहे का?

तुमचा मुलगा प्रत्येक गोष्टीत मोठ्यांची नक्कल करतो, स्वतःचं डोकं चालवत नाही, अशी तुमची काळजी. मला तर उलट वाटतं. नक्कल जमते म्हणूनच माणसाचं डोकं इथवर आलं.

आमच्याकडे आई भाकरीला बसली की आधी बांगड्या कोपराकडे सारते, मग ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी ओतते. शेजारी माझी चार वर्षांची लेक. तिच्या हातात बांगडी नाही, तरी ती मनगटावरून काहीतरी वर सारते आणि मगच पिठाला हात लावते. आम्ही हसतो. पण बांगड्या सारल्या नाहीत तरी भाकरी होते. पाणी गार घेतलं तर थापतानाच चिरते, ज्वारीला गव्हाचा चिकटपणा नसतो. यातलं कामाचं कुठलं आणि सवयीचं कुठलं, हे तिला कळणार कसं? (मला तरी कुठे कळत होतं!) म्हणून ती सगळंच उचलते.

व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांचा २००५ चा प्रयोग असाच आहे. चिंपांझींना आणि मुलांना एक माणूस करून दाखवायचा: पेटीच्या वरच्या भोकात काडी खुपसायची, मग पुढच्या भोकातून खाऊ काढायचा. पेटी पारदर्शक केल्यावर वरची खुपसाखुपशी बिनकामाची आहे हे दिसायचं आणि चिंपांझी ती सोडून द्यायचे. ३-४ वर्षांची मुलं मात्र तीही इमानेइतबारे करायची.

चिंपांझी शहाणा वाटला ना? आता मक्याचं ऐका. मेक्सिकोकडचे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळत. युरोपात मका पोचला, चुन्याची रीत मागे राहिली. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला: कातडी खरखरीत, जुलाब, शेवटी वेड. गास्पार कासाल या डॉक्टरने स्पेनमध्ये १७३५ च्या सुमारास तो नोंदवला; पण मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याशिवाय नीट अंगी लागत नाही, हे उलगडायला विसावं शतक उजाडलं. मेक्सिकोकडच्या बायकांना नायसिन थोडंच माहीत होतं. आई करायची तसं त्या करत.

बरं, निव्वळ कल्पकतेवर मुलांना सोडलं तर? सारा बेक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मुलांना उभ्या नळीतली छोटी बादली काढायला वाकणारी सरळ तार दिली. पाचच्या आतल्या बहुतेकांना तार वाकवून आकडा करायचं सुचलं नाही. एकदा दाखवल्यावर जवळजवळ सगळ्यांनी केला.

परवा लेकीने नसलेल्या बांगड्या सारल्या, पीठ थापलं आणि डब्याच्या झाकणाने त्याच्या चकत्या पाडल्या. आई म्हणाली, "कडा तरी चिरत नाहीत." आता आईच झाकण शेजारी घेऊन बसते.