मुलांना घेऊन पहिल्यांदाच मर्दानी खेळ बघायला चाललाय? मग एवढं करा

छान बेत आहे, नक्की जा. बडोद्यात शिवजयंतीच्या सुमारास असे जुन्या शस्त्रांचे खेळ असले की नवखे पालक हमखास पहिल्या रांगेकडे धावतात. तिथे बसू नका. दांडपट्ट्याचं पातं लवचिक असतं आणि चांगलं लांब, कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी मुठीसकट फिरतं. विटा म्हणजे फेकायचा भाला, त्याला तर दोरी असते, तो फेकून परत ओढतात. आखलेल्या रेषेपासून दूर, कडेच्या पायऱ्यांवर बसा. पायांची चाल तिथूनच दिसते, आणि खरा खेळ पायांतच असतो.

बाकी थोडक्यात:
- लाकडी तलवार खेळ संपल्यावर घ्या. आधी घेतलीत तर लढाई तुमच्याच रांगेत होईल!
- हलगी कडाडते. तान्हं बाळ असेल तर वाद्यांपासून लांब बसा.
- पाणी, टोप्या, खायला काहीतरी. सुरुवात वेळेवर होईलच असं नाही.

पहिल्याच दिवशी सगळे हत्यारप्रकार मुलांना पाठ करायला लावू नका. फरी-गदका (ढाल आणि काठी) आणि पट्टा ओळखता आला, पुष्कळ झालं. बडोद्याचे व्यायामगुरू प्रा. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरामुळे आखाड्याची जाण असलेले आजोबा इथे अजून भेटतात. शेजारी बसलेच तर मोबाइल खिशात ठेवा आणि त्यांना विचारा.