अमेरिकन लोक गबाळे आणि युरोपियन लोक टापटीप, हे कितपत खरं?

लहानपणी माझी पक्की समजूत होती की गोरी माणसं मरून रंगाचा पायघोळ झगा घालतात. आमचं घर पुण्यात, बंडगार्डनच्या बाजूला. कोरेगाव पार्कातल्या ओशो आश्रमातली परदेशी मंडळी रोज दिसायची. त्याच झग्यात रिक्षावाल्याशी घासाघीस करायची, त्याच झग्यात केळी घ्यायची. पुढे नोकरीमुळे चार वर्षं डेट्रॉइटजवळ आणि मग सहा वर्षं श्टुटगार्टला काढली (पुण्यातल्या गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाची ही ठरलेली वारी). झगा एकही दिसला नाही.

तुम्ही विचारलंय की अमेरिकन म्हणजे हाफ पँट, टोपी, पांढरे बूट आणि युरोपियन म्हणजे कोट-मफलर, हे खरं आहे का. हे चित्र बरंचसं माझ्या झग्याच्याच जातीचं आहे. रोममध्ये दिसणारा अमेरिकन दिवसभर उन्हात पायपीट करायला निघालेला असतो. ओहायोतल्या त्याच्या ऑफिसात तो तसा जात नाही. गोव्यात हणजूण-हरमलच्या किनाऱ्यावरची मंडळी पाहून उद्या कुणी म्हणेल की युरोपात शर्टच घालत नाहीत!

पण चित्र अगदीच हवेतलं नाही. डेट्रॉइटला पहिल्या दिवशी मी आईने इस्त्री करून दिलेला फुल शर्ट आणि टाय घालून गेलो. साहेब जीन्समध्ये. दोघांनी मला विचारलं, इंटरव्ह्यूला आलात का? जानेवारीत बाहेर उणे बारा, आणि शेजारचा मुलगा हाफ पँटवर दूध आणायला चाललेला. आधी वाटलं, याचं डोकं फिरलंय. मग लक्षात आलं, हा बाहेर असतोच कुठे? घराला लागून गॅरेज, गॅरेजात गाडी, गाडीत हीटर, दुकानाच्या दारात पार्किंग. उघड्यावर असतो तो जेमतेम चाळीस पावलं. आणि गाडीत बसलेल्याचे कपडे बघणार कोण? श्टुटगार्टला मी गाडी घेतलीच नाही. घर ते ट्रामचा थांबा, तिथून ऑफिस, रोज अर्धा तास पावसात आणि लोकांच्या डोळ्यांसमोर. सहा महिन्यांत मीसुद्धा चांगला लांब कोट घेतला. त्यात माझ्या आवडीनिवडीचा काही संबंध नव्हता.

दुसरं कारण कपडे धुताना कळलं, आणि हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. अमेरिकेत घरोघरी भलामोठा ड्रायर. त्यात टी-शर्ट, स्वेटशर्ट, जीन्स, सगळं कोंबा, तासाभरात गरमागरम बाहेर. लिनन आणि लोकर मात्र त्यात आक्रसतात, मग ते कोण घेणार? बाहेर दोरीवर वाळत घालावं म्हटलं, तर कित्येक सोसायट्यांत मनाई. कपडे वाळत घालण्याचा हक्क मिळावा म्हणून काही राज्यांना चक्क कायदे करावे लागले. जर्मनीत आमच्या बिल्डिंगच्या तळघरात स्टँडवर सगळ्यांचे कपडे वाळत असायचे, अगदी आपल्या गच्चीसारखे. वाळायला दोन दिवस लागतात आणि इस्त्री करावी लागते, म्हणून मोजके आणि बरे कपडे घेतले जातात.

ऑफिसातला ढिलेपणा तर मुद्दाम पसरवलेला आहे. हवाईत शुक्रवारी फुलाफुलांचे शर्ट घालायची पद्धत होती. तिचंच पुढे मुख्य भूमीवर 'कॅज्युअल फ्रायडे' झालं. १९९२ साली लीवायसने ऑफिसात साधे कपडे कसे घालावेत याची पुस्तिका छापून हजारो कंपन्यांच्या एचआरकडे पाठवली. त्यांना आपल्या खाकी पँटी विकायच्या होत्या, हे उघडच आहे. हिंजवडीत शुक्रवारी टी-शर्ट दिसतो त्याचं मूळ तिथे.

आता 'टापटीप युरोपियन'. हा नक्की कुठला युरोपियन? श्टुटगार्टचे लोक काटकसरीसाठी जर्मनीभर बदनाम आहेत, आपल्या सदाशिव पेठेशी त्यांचं गोत्र जुळावं. रविवारी टेकडीवर फिरायला निघाले की नवरा-बायको एकाच रंगाच्या वॉटरप्रूफ जॅकेटात, आणि दहा वर्षं तेच जॅकेट. सँडलमध्ये मोजे घालतात ही थट्टा खरी आहे, मी मोजून थकलो. पुरुषांची चामड्याची तुमान आणि बायकांचा डिर्न्डल नावाचा घेरदार झगा हा पोशाख मुळात बव्हेरिया-आल्प्सकडचा. श्टुटगार्टच्या जत्रेत तरुण पोरं हल्ली तो हौसेने घालतात आणि तिथली जुनी माणसं कपाळाला हात लावतात.

टापटीप पाहायची तर तूरिनला जा. तिथला माझा सहकारी हात मिळवायच्या आधी बूट बघायचा. इटालियनमध्ये 'बेल्ला फिगुरा' म्हणतात. त्याने मला त्याचा अर्थ दहा मिनिटं समजावला. आई जे चार शब्दांत म्हणायची, 'चारचौघांत बरं दिसत नाही', तेच की! पण तूरिनवरून ऑस्लो किंवा ॲमस्टरडॅमचा अंदाज बांधाल तर फसाल. सायकलवर पावसात जाणारा डच माणूस बुटांना पॉलिश करत बसत नाही.

यातली गंमत म्हणजे युरोपातली नटवी पोरं जे घालतात ते बरंचसं अमेरिकन मजुरांचं. कारहार्ट ही १८८९ साली डेट्रॉइटमध्ये निघालेली कंपनी, रेल्वे कामगारांसाठी जाड कापडाचे कपडे शिवायची. मिशिगनमध्ये ते जॅकेट माझ्या घराचं छप्पर दुरुस्त करणाऱ्याच्या अंगावर होतं. बर्लिनमध्ये तेच नाव छातीवर मिरवत लोक क्लबबाहेर रांगेत उभे असतात. आणि त्या कामगारांच्या खांदेपट्टेवाल्या पँटीला आपण लहान मुलांसाठी डंगरी म्हणतो ना, तो शब्द इंग्रजीत गेला आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून. तिथल्या जाड्याभरड्या कापडाचं ते नाव.

एक राहिलं. आई-बाबा श्टुटगार्टला आले तेव्हा आई रोज साडी, वर स्वेटर आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज अशी फिरायला जायची. दोन महिन्यांनी त्यांना विमानतळावर सोडून आलो, तर खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी जिन्यात गाठून विचारलं, साडीवर पांढरे बूटच घालायचे असा तुमच्यात रिवाज आहे का? आईने ते बूट पुण्याहून निघायच्या आदल्या आठवड्यात लक्ष्मी रोडवरून घेतले होते. आजींना समजावून सांगण्याइतकं माझं जर्मन चांगलं नव्हतं. मी हो म्हणालो.